नैराश्यात ‘छोटी पावले’ नेमकी किती छोटी असावीत?

वारणाकाठ :

नमस्कार. मी ४२ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदाच्या पावसाळ्यापासून मला नैराश्याचा त्रास होत आहे. शहरातील मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या सुरू होऊन आता दीड-दोन महिने झाले आहेत आणि त्यांचा उपयोगही जाणवतो. पहाटे तीनला जाग येऊन छताकडे बघत पडून राहणे कमी झाले आहे, आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून डोळे पुसण्याची वेळ आता क्वचितच येते. परंतु दिवस रेटून न्यावा लागतो, ही तक्रार तशीच आहे.

मागच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी “रोज थोडे थोडे काहीतरी करत राहा, छोटी पावले टाका,” असे सांगितले. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे थोडे म्हणजे किती आणि काहीतरी म्हणजे काय, हे विचारणे झाले नाही. घरी येऊन मी एक वेळापत्रक केले. त्यात साडेपाचला उठणे, योगासने, अर्धा तास चालणे, दुपारी उत्तरपत्रिका, संध्याकाळी वाचन आणि रात्री दैनंदिनी असे सगळे होते. ते फार लवकर कोलमडले, आणि ‘एवढेसुद्धा जमत नाही’ या विचाराने मी आधीपेक्षा अधिक खचले.

वास्तविक मी काहीच करत नाही असेही नाही. मुलांचे डबे होतात, सासूबाईंची औषधे वेळेवर दिली जातात, शाळेतले तासही घेतले जातात. परंतु हे सगळे यंत्रवत चालते आणि त्यातून मनाला काहीच मिळत नाही. सकाळी अकरापर्यंत अंग विलक्षण जड असते. सुट्टीच्या दिवशी आंघोळीला जायचे म्हटले, तरी पलंगाच्या कडेवर बराच वेळ नुसती बसून राहते. मैत्रिणींचे फोन उचलत नाही. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटावर तसाच पडून आहे. सासूबाई म्हणतात, “कामात मन गुंतव.” भाऊ रोज ध्यानधारणेचे व्हिडिओ पाठवतो. दोघांचाही हेतू चांगला आहे, यात शंका नाही.

छोट्या पावलांनी नैराश्यात खरोखर फरक पडतो, की रुग्णाची समजूत काढण्यासाठी असे सांगण्याची पद्धत आहे? फरक पडत असेल, तर पाऊल किती छोटे असावे, ते कोणते असावे आणि इच्छाच नसताना ते उचलावे कसे? ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे किंवा या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.


सावंतवाडीची_वाट :

ताई, मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘फरक पडतो’ असे आहे, आणि ते केवळ धीर देण्यासाठी सांगत नाही. नैराश्यावरची ही स्वतंत्र, तपासून पाहिलेली उपचारपद्धती आहे. तिला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात तिच्यामागचा विचार मांडला. तो असा, की माणसाला समाधान देणाऱ्या गोष्टी त्याच्या दिवसातून कमी झाल्या की मन खचते, मन खचले की तो आणखी काही गोष्टी सोडून देतो, आणि सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर समाधान मिळण्याची एकेक वाट बंद होत जाते. या चक्रात मनाच्या बाजूने शिरणे कठीण असते, कारण इच्छा हुकूम देऊन निर्माण होत नाही. कृतीच्या बाजूने शिरणे तुलनेने शक्य असते. सायकलच्या डायनॅमोचा दिवा चाक फिरू लागल्यावरच लागतो. निरोगी अवस्थेत आपल्याला आधी इच्छा होते आणि मग आपण उठतो, नैराश्यात मात्र हा क्रम उलटा धरून चालावे लागते.

१९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचे घटक सुटे करून पाहिले. ज्या रुग्णांना केवळ कृती वाढवण्याचा भाग दिला होता, ते संपूर्ण उपचार मिळालेल्या रुग्णांच्या मागे राहिले नाहीत. तुमच्या-माझ्या अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच पद्धत वापरून पाहिली आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण त्यात होते. समुपदेशन करणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण घेतलेलेही नव्हते. त्यांना या कामासाठी प्रशिक्षण देण्यात आले होते आणि ते रुग्णाला सहा ते आठ वेळा, आरोग्य केंद्रात किंवा त्याच्या घरी, भेटत असत. तीन महिन्यांनंतर या गटातील सुमारे ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक लोकांना या पद्धतीनेही पुरेसे बरे वाटले नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसते आणि ते लपवण्याचे कारण नाही.

आता तुमच्याविषयी. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग मला डबे आणि औषधांचा वाटला. तुम्ही दिवसभर कृती करतच आहात, पण त्यातील जवळजवळ प्रत्येक कृती दुसऱ्याच्या गरजेसाठी आहे आणि ती केली नाही तर काहीतरी बिघडेल, म्हणून केली जाते. अशी कामे दिवस चालू ठेवतात, पण मनाचे पोषण करत नाहीत. ‘कामात मन गुंतव’ हा सल्ला घरातल्या बाईला जेव्हा दिला जातो, तेव्हा बहुतेक वेळा तिच्यावर आधीच असलेल्या कामांतच भर पडते. म्हणून छोटे पाऊल म्हणजे घरकामाचा आणखी एक तुकडा असे समजू नका. पावसाळ्यापूर्वी तुमच्या दिवसात तुमच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा कोणत्या गोष्टी होत्या, त्या आठवा. भिशीच्या मैत्रिणी, परसातली झाडे, वर्तमानपत्रातले शब्दकोडे, मंडईत भाव करत फिरणे, काहीही असेल. आधी त्या गळाल्या असतील. त्यांतील एखादी परत आणायची आहे.

मात्र लगेच काही सुरू करू नका. आधी चार-पाच दिवस एका वहीत फक्त नोंद करा. तास लिहा, त्या तासात काय केले ते दोन-तीन शब्दांत लिहा आणि त्या वेळी मनःस्थिती कशी होती त्याला शून्य ते दहा गुण द्या. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, तेव्हा हे तुम्हाला जड जाऊ नये. नैराश्यात आपल्याला ‘संपूर्ण दिवस सारखाच वाईट गेला’ असे वाटते. नोंद केल्यावर दिवसात दोन आणि पाच यांमध्ये चढउतार असल्याचे दिसते, आणि पाच कधी आले ते पाहून पुढचे ठरवता येते.

पाऊल किती छोटे, याची माझी एक कसोटी आहे. ‘गेल्या तीन महिन्यांतील सर्वांत वाईट दिवशी मला हे करता आले असते का?’ असे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर ते निम्मे करा, आणि तरीही ‘नाही’ असेल तर पुन्हा निम्मे करा. अर्धा तास चालणे गळून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणे उरले, तर तेच तुमचे पाऊल. ते एखाद्या वेळेला आणि जागेला बांधून टाका. ‘संध्याकाळी चालेन’ या वाक्यात दर वेळी मनाला विचारावे लागते, आणि मनाचे उत्तर ठरलेले असते. ‘शाळेतून आल्यावर चपला काढण्यापूर्वी कोपऱ्यावरच्या पाणपोईपर्यंत जाऊन येईन’ या वाक्यात विचारण्याची जागाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट करून पाहा. निघण्यापूर्वी ‘यातून किती बरे वाटेल’ त्याचा अंदाज आकड्यात लिहा, परत आल्यावर प्रत्यक्ष किती वाटले ते लिहा. नैराश्यात अंदाज सहसा खऱ्यापेक्षा कमी निघतो. हे दुसऱ्याने सांगून पटत नाही, स्वतःच्या हस्ताक्षरात पाहिल्यावर हळूहळू पटते.


जुना_ठाणेकर :

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. नोकरीत असताना आणि नंतर पुन्हा एकदा मी या आजारातून गेलो. वरील प्रतिसाद उत्तम आहे, म्हणून मी फक्त सकाळविषयी लिहितो, कारण तो भाग वाचताना मला माझेच दिवस आठवले.

सकाळी सर्वाधिक जड वाटणे आणि दिवस कलता कलता थोडे हलके होणे, हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे, असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला फार बरे वाटले होते, कारण तोपर्यंत मी त्याला आळस म्हणत होतो. त्यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा, की कठीण गोष्टी सकाळी ठेवू नयेत. साडेपाचची योगासने तुम्ही दिवसातल्या सर्वांत वाईट वेळेला ठेवली होती. निरोगी माणसासाठी पहाट चांगली असेलही, आपल्याला सध्या संध्याकाळ चांगली आहे. पहाटे उठण्याचे आपल्याकडे इतके स्तोम आहे, की हे वाक्य लिहितानाही मला थोडा संकोच वाटतो आहे.

उठण्याची वेळ मात्र एकच ठेवावी, रविवारीसुद्धा. रात्री झोप कशीही लागली असली तरी त्याच वेळी पाय जमिनीला लागले पाहिजेत. उठल्यावर पहिल्यांदा खिडकी उघडावी किंवा अंगणात, गच्चीत, जिथे उघडा उजेड आहे तिथे चहाचा कप घेऊन बसावे. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ मार्गी लागते आणि त्याचा परिणाम रात्रीच्या झोपेवर दिसतो. दुपारी पडायचे असेल तर थोडा वेळच पडावे, अन्यथा रात्र हातची जाते.

आंघोळीचे तुम्ही लिहिले आहे ते ज्याने अनुभवले नाही त्याला कळणार नाही. मी तिचे तुकडे केले होते. टॉवेल आणि कपडे न्हाणीघरात नेऊन ठेवणे हे एक काम. गीझर लावणे हे दुसरे. त्यानंतर पुन्हा बसलो तरी चालेल, अशी स्वतःला परवानगी होती. बहुतेक वेळा पाणी तापलेले आहे म्हणून मी जात असे. काही वेळा फक्त हातपाय धुऊन कपडे बदलले, आणि ते कामही झाले असे मोजले.

चालण्याविषयी एक इशारा. मुलाने माझ्या मोबाइलवर पावले मोजणारे ॲप घालून दिले होते. ते रोज रात्री दहा हजारांपैकी किती कमी पडली ते सांगत असे. नंतर वाचनात आले, की हा दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधील एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. तिथून तो जगभर पसरला. मी ॲप काढून टाकले. आजारी माणसाला रोज नापास करणारे कोणतेही यंत्र त्याच्या खिशात नसावे.


डॉ_पळसफूल :

मी विदर्भात जनरल प्रॅक्टिस करतो. दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, परंतु चर्चेचा सूर ‘पावले टाकली की झाले’ असा होऊ नये म्हणून काही गोष्टी नोंदवतो.

पहिली गोष्ट म्हणजे तपासण्या. थायरॉइडचे काम मंदावले असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर थकवा, जडपणा आणि निरुत्साह हीच लक्षणे दिसतात किंवा असलेले नैराश्य अधिक गडद होते. शाकाहारी लोकांत बी-१२ची कमतरता वारंवार आढळते. चाळिशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये पाळीच्या बदलत्या चक्राचाही मनःस्थितीशी आणि झोपेशी संबंध असतो, त्यामुळे पाळीत काही बदल झाला असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. या तपासण्या झालेल्या नसतील तर पुढच्या भेटीत विचारा.

दुसरी गोष्ट औषधांची. नैराश्यावरील गोळ्यांचा पुरेसा परिणाम दिसायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. ही मुदत तुमच्या बाबतीत उलटली आहे आणि सुधारणा अर्धवट आहे. अशा वेळी मात्रा वाढवावी, औषध बदलावे की थांबावे, हा निर्णय मनोविकारतज्ज्ञ घेतात, पण त्यासाठी ‘अर्धवट’ हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. आपले रुग्ण “कसे आहे?” या प्रश्नाला “बरे आहे” असे उत्तर देऊन खुर्चीवरून उठतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. पावले टाकता येत नाहीत याचे कारण कधी कधी अपुरे उपचार हेच असते, आणि तेव्हा रुग्णाने स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देणे अन्यायाचे ठरते. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. पहिल्या वेळच्या नैराश्यातही बरे झाल्यानंतर निदान सहा महिने त्या चालू ठेवण्यास सांगितले जाते. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही, मात्र एकदम थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होऊ शकतो. म्हणून त्या उतरवायच्या असतात त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. आयुष्यात पूर्वी कधी फार कमी झोपूनही भरपूर उत्साह, अखंड बोलणे, भराभर खर्च असा काळ येऊन गेला असेल, तर तेही सांगा, कारण त्यावरून उपचारांची दिशा बदलते.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरीही विचारतो, कारण विचारल्याने धोका वाढत नाही. ‘आपण नसलेलेच बरे’ असे विचार येतात का? येत असतील तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, त्याच दिवशी घरातल्या विश्वासाच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. अशा काळात औषधांचा साठा दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असावा आणि एकटे राहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य मिळते आणि मराठीतून बोलता येते. प्रकृतीत थोडी सुधारणा होत असतानाच्या काळातही कुटुंबाने सावध राहावे, कारण अंगातली शक्ती कधी कधी मनातल्या आशेच्या आधी परत येते.


नगरचा_सोबती :

माझ्या पत्नीला हा आजार होता, म्हणून घरच्यांच्या बाजूने थोडे लिहितो. ताई, हे तुम्ही यजमानांना वाचायला दिलेत तरी चालेल.

रोज संध्याकाळी “आज काय काय केलेस?” असे विचारण्याने आजारी माणसाची परीक्षा घेतल्यासारखे होते. त्यापेक्षा स्वतः उठून “मी भाजी आणायला निघालो आहे, येतेस का? नाही आलीस तरी काही बिघडत नाही,” असे म्हणावे, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर चेहरा न पाडता एकट्याने जावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच सहजपणे विचारावे. आमच्याकडे बरेच दिवस ‘नाही’ हेच उत्तर येत असे. एके दिवशी ती चप्पल घालून दारात उभी राहिली, आणि मी त्यावर काहीही बोललो नाही, कारण कौतुकाचाही भार होतो, हे तोवर ध्यानात आले होते.

घरातल्या कामांची फेरवाटणी हा विषय मात्र गोड बोलून सुटत नाही. डबे, धुणी, आईवडिलांची औषधे यांतील काही कामे घरातल्या इतरांनी पूर्णपणे आपल्याकडे घ्यावीत. ‘मदत’ म्हणून घेतलेल्या कामात काय, केव्हा, कसे हे सगळे तिलाच लक्षात ठेवावे लागते आणि सांगावे लागते, म्हणजे डोक्यावरचा भार तसाच राहतो. आमच्याकडे आईला हे पसंत नव्हते. मी सकाळचा स्वयंपाक करू लागल्यावर काही आठवडे घरात अबोला होता. तो यथावकाश संपला.

लग्नकार्ये आणि हळदीकुंकू यांबाबत सरसकट जायचेच किंवा जायचेच नाही असे न करता, ‘अक्षता पडल्या की निघायचे’ असे आधीच ठरवून जात असू. निघण्याची वेळ हातात असली की जाणे सोपे होते. नातेवाइकांना काय सांगायचे, ते दोघांनी मिळून एका वाक्यात ठरवावे आणि तेच सर्वांना सांगावे. आम्ही “तब्येतीचे उपचार चालू आहेत, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे” एवढेच सांगत होतो. ते खरेही होते.


वारणाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळत नाही. पावसाळ्याच्या मध्यावर तसे विचार येत होते, ते मी डॉक्टरांना सांगितले होते. आता येत नाहीत. गोळ्या यजमानांच्या कपाटात असतात. थायरॉइडची तपासणी झाली होती, ती ठीक होती. बी-१२ची झालेली नाही.

सांगितल्याप्रमाणे काही दिवस वहीत नोंद केली. माझा अंदाज होता, की शाळेतल्या तासांना सर्वांत कमी गुण मिळतील. प्रत्यक्षात आठवीच्या भूमितीच्या तासाला बहुतेक वेळा चार किंवा पाच आहेत, आणि सर्वांत कमी गुण सुट्टीच्या सकाळी आणि दुपारी मोबाइल हातात घेऊन पडून राहण्याच्या वेळेला आहेत. त्या वेळेला मी आजवर विश्रांती म्हणत होते.

पाऊल म्हणून जास्वंदीच्या आणि तुळशीच्या कुंड्यांना शाळेतून आल्यावर पाणी घालणे निवडले आहे. पूर्वी मी त्यात बराच वेळ रमत असे. निघण्यापूर्वीचा अंदाज एक होता, नंतरचे गुण तीन होते. तीन हा काही मोठा आकडा नव्हे, पण अंदाजाच्या तिप्पट आहे, हे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

दोन अडचणी आहेत. मध्ये एक दिवस पाणी घालणे झाले नाही आणि लगेच जुना विचार सुरू झाला, की हेही गेले. असा खंड पडल्यावर काय करायचे? आणि उत्तरपत्रिकांचे काय करू? त्या झाडांसारख्या आवडीच्या नाहीत, पण टाळल्यामुळे दिवसभर डोक्यावर बसलेल्या असतात. मुख्याध्यापकांनी अजून विचारलेले नाही. ते विचारतील या भीतीने मी शिक्षक कक्षात बसत नाही.


सावंतवाडीची_वाट :

खंड पडणार, हे योजनेतच धरून चालायचे असते. सुटलेला दिवस भरून काढायचा नाही. काल पाणी घातले नाही म्हणून आज दुप्पट वेळ झाडांपाशी घालवायचा नाही, आज फक्त आजचे. वहीत त्या दिवसासमोर कारण तेवढे लिहा, जसे पाऊस, पाहुणे, डोकेदुखी किंवा ‘कारण कळले नाही’. काही आठवड्यांनी त्या कारणांकडे पाहिल्यावर योजनेत नेमके काय बदलायचे ते कळते. पाहुण्यांमुळे वारंवार राहत असेल तर वेळ बदलायची. जडपणामुळे राहत असेल तर पाऊल अजून मोठे आहे असे समजायचे आणि दोनच कुंड्यांना पाणी घालायचे.

उत्तरपत्रिकांचा प्रकार वेगळा आहे. त्यात आनंद मिळवायचा नाही, टाळाटाळीची साखळी तोडायची आहे. गठ्ठा टाळला की क्षणभर सुटका वाटते, आणि त्या सुटकेमुळेच टाळणे पक्के होत जाते. आता तर त्याच्या भीतीने तुम्ही शिक्षक कक्षही सोडला आहे, म्हणजे सहकाऱ्यांशी होणारे चार शब्दांचे बोलणेही गेले. त्यामुळे हा विषय झाडांइतकाच महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी गठ्ठा कपाटावरून काढून टेबलावर ठेवा, एवढेच. नंतर पाच उत्तरपत्रिका घेऊन त्यांतील फक्त पहिला प्रश्न तपासा. गणितात प्रश्नवार तपासणी तशीही सोयीची असते. वेळ घड्याळ लावून वीस मिनिटे धरा, आणि काम रंगले तरी वीस मिनिटांनी थांबा. पहिल्या दिवशी जोरात सगळे उपसून दुसऱ्या दिवशी आडवे पडणे, हा या आजारातला नेहमीचा प्रकार आहे.

मुख्याध्यापकांनी विचारण्याची वाट पाहू नका. “प्रकृतीच्या कारणाने चाचणीचे काम मागे पडले आहे, अमुक तारखेपर्यंत देते,” एवढे स्वतः जाऊन सांगा. आजाराचे नाव सांगायचे की नाही, हा सर्वस्वी तुमचा अधिकार आहे. तारीख ठरवताना मनात येईल त्याच्या दुप्पट मुदत मागा. भाऊ रोज व्हिडिओ पाठवतात, त्याऐवजी त्यांनी रविवारी दुपारी फोन करावा, असे त्यांना सुचवता आले तर पाहा. नोंदीवरून ती वेळ तुम्हाला सर्वांत कठीण जाते आहे.


डॉ_पळसफूल :

तिसऱ्या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर दिल्याबद्दल आभारी आहे.

वहीतील नोंदींचा आणखी एक उपयोग सुचवतो. पुढच्या तपासणीला जाताना एका पानावर चार ओळी लिहून न्या. झोप किती आणि कशी, भूक आणि वजनात काही फरक, गोळ्यांचा काही त्रास, आणि दिवसातील सर्वांत कमी व सर्वांत जास्त गुणांच्या वेळा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. मागील दोन आठवड्यांत प्रत्येक लक्षण किती वेळा जाणवले त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात, म्हणजे एकूण गुण शून्य ते २७ यांच्या दरम्यान येतात. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर लक्षणे अद्याप मध्यम किंवा त्याहून तीव्र आहेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पाचपेक्षा कमी आले तर आजार जवळजवळ ओसरला असे मानतात. निदान करण्यासाठी ती घरी वापरू नका, पण महिन्याच्या अंतराने भरलेल्या दोन प्रश्नावल्या शेजारी ठेवल्या तर मात्रेचा निर्णय घेणे तुमच्या डॉक्टरांना नक्कीच सोपे जाईल. बी-१२ची तपासणीही त्याच पानावर लिहा.